शाल, श्रीफळ आणि बडतर्फी

तालुक्याच्या एका गावी एकदा मल्लखांबाचे एक शिक्षक होते. नाव दिनकर सावर्डेकर. गावच्या व्यायाम मंडळात बावीस वर्षे त्यांनी मुलांना खांबावर चढवले आणि, जे अधिक अवघड असते, सुखरूप खाली उतरवले. अशा माणसाला मंडळाने एका सकाळी चार ओळींचे पत्र देऊन घरी बसवले, त्याची ही गोष्ट.

घडले ते असे. वैशाखातला दिवस, मंडळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन. पाहुणे मोठे होते, म्हणजेच उशिरा येणारे होते. अकराची वेळ देऊन साडेबारापर्यंत त्यांचा पत्ता नव्हता. ‘आले, आले’ अशी हाकाटी तीनदा झाली आणि तीनदा मुलांनी तापलेल्या खांबावर मनोरा रचला. तिसऱ्या वेळी सर्वांत वर उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचे पाय लटपटू लागले. दिनकररावांनी सगळ्यांना खाली घेतले, निंबाच्या सावलीत बसवले आणि ताक पाजले. अध्यक्षांनी चौथ्यांदा मनोरा रचायला सांगितला, तेव्हा मुले आता चढणार नाहीत, एवढेच ते शांतपणे म्हणाले. पाहुणे एक वाजता आले, मोकळा खांब पाहून कपाळाला आठी घालून परत गेले. अध्यक्षांचे नाक कापले गेले, आणि कापल्या नाकाला नेहमी दुसऱ्याची मान लागते.

पत्रात पाहुण्यांचा उल्लेखही नव्हता. ‘मुलांच्या सुरक्षिततेबाबत हलगर्जीपणा, बेशिस्त व अकार्यक्षमता’ या कारणांस्तव आजपासून कामावरून दूर केले, असे होते. ना विचारणा, ना चौकशी. नोकरी गेल्याचे दुःख होतेच. पण जो शिक्षक मुलांच्या जिवाबाबत हलगर्जी ठरला, त्याच्याकडे कोणती आई आपले मूल पाठवील? तो एक शब्द पुसला गेला नसता, तर दिनकररावांना पुन्हा कुठल्याही मैदानावर उभे राहता आले नसते.

त्यांनी न्यायालयात दाद मागायचे ठरवले आणि वकिलाकडून दावा लिहून घेतला. इकडे पालक अध्यक्षांना रस्त्यात गाठून जाब विचारू लागले. लोकांची तोंडे बंद करण्यासाठी मंडळाने आपल्याकडचा हुकमी उपाय काढला, तो म्हणजे सत्कार. आपल्याकडे माणसाला आणायचे असो की घालवायचे, शाल आणि नारळाशिवाय भागत नाही. गुरुपौर्णिमेला ‘कृतज्ञता व निरोप समारंभ’ ठरला, पत्रिका छापल्या गेल्या, आणि एक दिनकररावांच्या दारातही येऊन पडली.

एका हातात बडतर्फीच्या पत्रासह दावा आणि दुसऱ्या हातात पत्रिका घेऊन ते आपल्या गुरूंकडे गेले. गुरुजी चौऱ्याऐंशी वर्षांचे. याच मंडळाच्या याच खांबावर त्यांनी दिनकररावांना घडवले होते. शिष्याने सगळे सांगितले, आणि ही पत्रिका अध्यक्षांच्या तोंडावर फेकून येतो, असेही सांगितले. गुरुजींनी चष्मा लावून सगळे कागद सावकाश वाचले.

“सत्काराला जा,” ते म्हणाले. “दावा त्यानंतर आठ दिवसांनी लाव.”

“गुरुजी, ज्यांनी मला हलगर्जी म्हटलं, त्यांच्या हातची शाल मी अंगावर घेऊ?”

“घे. मानपत्र सगळ्यांसमोर वाचू दे. सहीशिक्क्यानिशी घरी आण. आणि उत्तराला उभा राहशील तेव्हा एकच वाक्य बोल.”

ते वाक्य त्यांनी शिष्याकडून तीनदा म्हणवून घेतले, लहानपणी उडीआधी नमस्कार घालायला लावत तसे. दिनकररावांना त्यातले काही उमगले नाही. म्हातारपणी गुरुजींचा कणा वाकला तसा बाणाही वाकला की काय, असे त्यांच्या मनात आले आणि त्या विचाराचे त्यांना वाईटही वाटले. पण गुरूची आज्ञा मोडायची सवय नव्हती. ते गेले.

समारंभ थाटात झाला. मानपत्र सचिवांनी लिहिले होते, आणि सचिवांची लेखणी एकदा सुटली की आवरत नसे. ‘आपण मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे जपलेत’, ‘शिस्त म्हणजे काय ते गावाने आपल्याकडून शिकावे’, ‘बावीस वर्षांत आपल्या हाताखाली एकाही मुलाचे हाड मोडले नाही’. अध्यक्षांनी ते खणखणीत आवाजात वाचले, खाली सही केली, शाल पांघरवली, नारळ दिला. मग दिनकरराव उठले आणि म्हणाले,

“हा मान मी मनापासून स्वीकारतो. निरोप मात्र मी स्वीकारत नाही.”

हा विनय समजून सभागृहाने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीही वाजवल्या. सचिवांनी, ज्यांना सभेत कोणी शिंकले तरी इतिवृत्तात नोंदवायची सवय होती, ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले.

आठ दिवसांनी दावा दाखल झाला. वर्ष सरत आले तेव्हा सुनावणीची वेळ आली. मंडळाच्या वकिलांनी सांगितले की हा शिक्षक बेशिस्त होता, मुलांच्या जिवाची त्याला पर्वा नव्हती, आणि शिवाय त्याने राजीखुशीने निरोपाचा सत्कार घेतला आहे. दिनकररावांच्या वकिलांनी मंडळाचेच इतिवृत्त मागवून ते एक वाक्य वाचून दाखवले. मग काचेच्या चौकटीतले मानपत्र पुढे ठेवले. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचले, बडतर्फीचे पत्र शेजारी ठेवून दोन्हींवरच्या तारखा पाहिल्या आणि अध्यक्षांना विचारले, “दोन्हींवर सही तुमचीच. यातलं खरं कोणतं?”

अध्यक्ष घाम पुसत म्हणाले, “साहेब, मानपत्रात असं लिहायची पद्धतच असते.”

“आणि बडतर्फीच्या पत्रात?” न्यायाधीशांनी विचारले.

बाकांवर बसलेल्या पालकांत हसू पिकले. बावीस वर्षांत एका तरी मुलाला इजा झाल्याचे दाखवा, असे सांगितल्यावर मंडळाला एकही नाव देता आले नाही. निकाल स्वच्छ होता: बडतर्फी अन्यायाची, आरोप निराधार, शिक्षकाला पूर्वीच्या मानाने पुन्हा कामावर घ्यावे.

पेढे घेऊन दिनकरराव गुरुजींकडे धावले, पाया पडले आणि म्हणाले की तुम्ही त्यांना त्यांच्याच जाळ्यात पकडलेत.

गुरुजींनी गालात हसून नकारार्थी मान हलवली. “जाळं मी लावलं नव्हतं रे. तू अपमानाचा कागद छातीशी धरून आला होतास आणि मानाचा फेकून द्यायला निघाला होतास. सगळे असंच करतात. अपमान जपतात आणि मान टाकून देतात. खांबावर घाबरलेलं मूल काय करतं? दोन्ही हातांनी कवटाळतं आणि घसरतं. पकड घट्ट असून भागत नाही, नेमकी असावी लागते. बडतर्फीचं पत्र त्यांनी एका दुपारच्या रागात लिहिलं. मानपत्र लिहायला बसले, तेव्हा त्यांना बावीस वर्षं आठवावी लागली. मानपत्रं खोटी असतात, हे मलाही ठाऊक आहे. पण तुझं काम असं होतं की खोटं लिहायला बसलेल्यांच्या हातूनही खरंच उतरलं. ते तुझं होतं, म्हणून घेऊन ये म्हटलं.”

शिष्याचे डोळे भरून आले. हे आपल्या कामाचे कौतुक आहे आणि ते गुरूच्या तोंडून आहे, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दिनकरराव मैदानावर गेले. मुले आधीच येऊन थांबली होती. त्यांनी खांब हाताने तपासला, एरंडेल चोळले आणि मुलांना चढवले.

लवकरच वैशाखात इमारतीचा पहिला वर्धापनदिन आला. पुन्हा पाहुणे, पुन्हा उशीर, पुन्हा तेच ऊन. अर्धा तास झाला आणि अध्यक्ष खुर्चीवरून उठून खांबाकडे येऊ लागले. दिनकरराव सावध झाले. अध्यक्ष जवळ आले, त्यांनी मुलांकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, मुलांना सावलीत घेऊ या. पाहुणे येतील तेव्हा येतील. ताक मी सांगितलंय.”

संध्याकाळी शिष्याने हे गुरुजींना सांगितले. न्यायालयाच्या निकालाला गालात हसलेला तो म्हातारा आता मोठ्याने हसला.

“दावा आज जिंकलास,” ते म्हणाले.