जॅक आणि फणसाचा ओंडका

डिकीतली अवजारं आपापसात बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका जुन्या जीपच्या डिकीत एक जॅक वर्षानुवर्षं एकटाच पडून होता. जीपचे मालक जनार्दन परबही बायको गेल्यापासून घरात एकटेच राहत.

एकदा जीपखालून तेल गळू लागलं. परबांनी अंगणात हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि पुढची बाजू जॅकने उचलली. शेजारच्या इंदूवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भाऊजी, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका हो." मग परबांनी फणसाचा जाडजूड ओंडका आणून जीपखाली उभा केला आणि ते खाली शिरले.

ओंडका जॅकला म्हणाला, "जड झालं तर सांग हं."

"मला एकट्याने पेलायची सवय आहे," जॅक म्हणाला.

थोड्या वेळाने जॅकखालची माती खचू लागली. त्याला ते कळत होतं, पण कुणाकडे आधार मागायचा कसा, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो गप्प राहिला आणि कलंडला. जीप धाडकन ओंडक्यावर येऊन थांबली, परबांच्या छातीपासून वीतभर वर.

"अरे, बोलला का नाहीस?" ओंडक्याने विचारलं.

परब सरपटत बाहेर आले. झालेलं सांगायला घरात कुणी नव्हतं. ते पायरीवर टेकले. मग कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "वहिनी, जरा वेळ इथे येऊन बसता का?"