कोऱ्या पाण्यातला सुळका

“पण बाई, नुसत्या पाण्यात ती येईलच कशी?”

गर्गेबाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नुसत्या पाहत राहिल्या.

पडद्यावर एक रेघ होती. ती सपाट असायला हवी होती, कारण यंत्रात सोडलं होतं ते शुद्ध, कोरं पाणी. पण रेघेच्या मध्यावर एक बारीक सुळका उभा होता.

रेवती धुरी तो सुळका ओळखत होती. तो तिच्या आईचा होता.

“ती नाही,” बाई सावकाश म्हणाल्या. “सुळका आलाय म्हण.”

“सुळका आलाय.”

“हं.”

संक्रांतीची सुट्टी होती. टेकडीवरच्या लॅबच्या इमारतीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. मास स्पेक्ट्रोमीटरचा पंप तेवढा चालू होता. तो कधीच बंद करत नसत. खोलीच्या कोपऱ्यात कुणीतरी गाढ झोपलंय आणि एका लयीत श्वास घेतंय, असा त्याचा आवाज होता.

या यंत्रात माणसाच्या स्नायूंतल्या प्रथिनांचं वजन होत असे. शाळेची मुलं लॅब पाहायला आली की रेवती त्यांना ठेक्यात सांगायची, “तुमच्या पेशी-पेशीत चुली आहेत. त्यांना म्हणायचं मायटोकॉन्ड्रिया. खाल्लेलं अन्न तिथं जळतं, म्हणून तुम्ही पळता. प्रथिनं म्हणजे त्या चुलींचे दगड. आम्ही दगड फोडतो आणि तुकड्यांचं वजन करतो. आणि एक गंमत सांगू? या चुली बाबांकडून मिळत नाहीत. आईकडून येतात. फक्त आईकडून.”

मुलं आ वासून ऐकत. रेवतीला ते आवडायचं. हे तिनं इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.

तिच्या आईच्या चुलीतला एक दगड वेगळा होता. एका कणाचा फरक. आजवर त्या यंत्रातून गेलेल्या दुसऱ्या कुणाच्याही स्नायूत तो सापडला नव्हता. त्याचं वजन किंचित जास्त भरे, म्हणून त्याचा सुळका इतरांहून जरासा उजवीकडे उभा राही.

एवढ्याशा फरकानं आई विझत गेली. शेवटी शेवटी तिला वेणी घालायला हात वर नेता येत नसे. डावी पापणी अर्ध्यावर येऊन थांबलेली असे.

“सरपण आहे गं आत,” ती म्हणायची. “पण जाळच धरत नाही.”

पावसाळ्यात ती गेली. मागं राहिला तो तिनं स्वतः होऊन संशोधनाला दिलेला मांडीच्या स्नायूचा लहानसा तुकडा, लॅबच्या फ्रीझरमध्ये गोठवलेला. त्यातला उरलासुरला कण रेवतीनं मागच्याच आठवड्यात वापरला होता. हे यंत्र घेतलेलं परत देत नाही. जे वजनाला घातलं ते कुटलं जातं, फवारलं जातं आणि नाहीसं होतं. राहतो फक्त सुळका.

आणि आता तो सुळका पाण्यातही येत होता.

“प्रबंधाचे परीक्षक काय म्हणतील, बाई? यंत्रच खराब होतं म्हणतील. आईचं वजन खोटं म्हणतील. पुन्हा वजन करायला आता तिचं काही उरलेलं नाही.”

“आधीच्या नमुन्यातलं थोडं मागं राहिलं असेल.”

“नळी बदलली. सुई बदलली. धुऊन धुऊन हात दुखले. कोऱ्या पाण्याची नवी कुपी लावली की... पुन्हा आहेच.”

“तुझ्या हातून काही?”

रेवतीचा चेहरा ताठ झाला. “माझ्या हातून नाही. या लॅबमध्ये माझ्याइतकं स्वच्छ काम कुणी करत नाही.”

“हो. परवा चहा पितानाही तू हेच सांगितलंस.”

“खरं आहे म्हणून सांगितलं.”

“खरंच आहे,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “हातमोजे घालतेस?”

“घालते.”

“टोपी?”

“घालते.”

“तोंडाला फडकं?”

“इतर कुणी असलं तर. एकटी असले की नाही. जीव घुसमटतो.”

“एकटी असलीस की बोलतेस का गं काम करताना?”

रेवतीनं मान खाली घातली.

“कुणाशी?”

पंप श्वास घेत राहिला...

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या उठल्या, हात धुतले, मोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं. मग दाराकडे बोट केलं.

“बाहेर थांब. काचेतून बघ. आत यायचं नाही.”

रेवती व्हरांड्यात गेली. सकाळी टेकडी चढताना तिला दोनदा बसावं लागलं होतं. तेव्हा बाई पुढच्या वळणावर उभ्या राहिल्या होत्या आणि जणू खालचं तळंच बघतायत अशा पाठमोऱ्या थांबल्या होत्या. रेवती वर पोचल्यावर “वारा छान आहे” एवढंच म्हणाल्या होत्या.

काचेपलीकडे बाईंनी त्याच बाटलीतलं पाणी नव्या कुपीत भरलं. त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना कंप होता, तरी थेंब सांडला नाही. कुपी यंत्रात बसली. सुई खाली आली, वर गेली.

बराच वेळ गेला. रेघ पडद्यावर सरकत मध्यावर आली... मध्य ओलांडून पुढे गेली.

सपाट.

रेवतीनं कपाळ काचेला टेकवलं. तिचा श्वास काचेवर धुकं धरत होता.

बाई बाहेर आल्या. “आता तू कर. रोज करतेस तसंच. काही वेगळं करू नकोस. मी नाही बघत.”

त्या खरंच वळून कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

रेवती आत गेली. तेच पाणी, तसलीच कुपी. ती कुपीवर वाकली. काही बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण इतक्या दिवसांची सवय; कुपी दोन बोटांत आली आणि ओठ आपोआप हलले. अगदी हळू. आज हलवा केलाय का, असंच काहीसं... उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना माणूस विचारतो तसं.

तिनं झाकण लावलं. कुपी यंत्रात ठेवली.

रेघ निघाली. सपाट, सपाट... आणि मध्याच्या किंचित उजवीकडे सुळका उभा राहिला.

बाई मागं येऊन उभ्या राहिल्याचं तिला कळलंही नाही.

“यंत्र स्वच्छ आहे,” बाई म्हणाल्या. “मागचं काही उरलेलं नाही. तुझ्या आईचं वजन खरं आहे. प्रबंध तरला तुझा.”

रेवती हसली. हसू अर्ध्यात थांबलं.

“मग ही...”

बाईंनी आपल्या तोंडावरचं फडकं सोडलं.

“बाई, मग पाण्यात पडलं ते...”

तिचा हात ओठांकडे गेला आणि मध्येच राहिला.

रेघ संपली, पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत एक चेहरा तिच्याकडे बघत होता. डावी पापणी उजवीपेक्षा खाली आलेली. जागरणानं असं होतं, असं ती गेले काही आठवडे सगळ्यांना सांगत होती. आता ते स्वतःला सांगता येत नव्हतं. चेहरा तिच्याकडे बघत राहिला, आणि कितीतरी वेळ तिला ठरवता येईना, की तो कुणाचा आहे.

पंप श्वास घेत होता. तिचाही श्वास नकळत त्याच लयीत चालला होता.

“तुम्हाला कधी कळलं?” तिनं विचारलं.

“टेकडीवर.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“तू माझं ऐकलं असतंस? तू फक्त यंत्राचं ऐकतेस.”

 

“आता मी काय करू?” रेवतीचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “तिला परत कुठं शोधू म्हणत होते मी... आणि आता... बाई, ती जाणार कशी आता?”

बाईंनी पिशवीतून डबा काढला. लॅबमध्ये डबा उघडायचा नाही हा त्यांचाच नियम. म्हणून तिचा दंड धरून तिला व्हरांड्यात नेलं, उन्हात बसवलं. बाजरीची भाकरी होती, तीळ लावलेली. वर लोण्याचा गोळा.

“मला भूक नाही,” रेवती म्हणाली.

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला आणि तिच्या तोंडाशी धरला.

“खा,” त्या म्हणाल्या. “ती सकाळपासून उपाशी आहे.”