वहीत नियम नाही

गांगुर्डेबाईंना नोकरीत कायम करायचं की नाही, हे तपासणीला आलेल्या साहेबांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. साहेब वर्गात शिरले तेच "थंडी वाजतेय, खिडक्या लावा" म्हणत. मग मुलांच्या इंग्रजीच्या वह्या चाळून कडाडले, "नुसती वाक्यंच! चहा 'स्ट्राँग' आणि पाऊस मात्र 'हेवी' का, याचा नियम कुठाय?"

बाई धीर करून म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला आत्ता थंडी वाजली. मग ताप का वाजत नाही, याचा नियम काय?"

"नियम कसला डोंबलाचा? तसं कुणी बोलतच नाही!"

"इंग्रजांचंही तेच आहे, साहेब. म्हणून तर वहीत वाक्यं आहेत."

साहेबांनी हसून मफलर सैल केला आणि शेऱ्यासाठी पेन मागितलं.