अर्थाची तार

“चार पिनांचं सॉकेट बरं का सात पिनांचं, अप्पा?”

महालिंग अप्पा मठाच्या पायरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला कामून विचारायलास?”

“तुम्ही सांगाल ते बसवतो.”

“मी सायकलबी चालवली नाही कधी.”

अप्पा खरं तेच बोलत होते. माळावरच्या त्या लहानशा मठात त्यांची उमर गेली होती, आणि पिनांतलं त्यांना काही कळत नव्हतं. मन्मथला मात्र सगळं कळत होतं, आणि तीच पंचाईत होती.

मन्मथ हा मठाचा शिष्य. तालुक्याला वायरिंगचं शिकून आलेला. संतांच्या वचनांचा अर्थ सांगण्यातही त्याचा हात धरणारं मठात कुणी नव्हतं. एखादी म्हातारी वचन म्हणायला लागली, की तिला मध्येच थांबवून तो शब्दाशब्दाची फोड करून द्यायचा. म्हातारी बिचारी चाल विसरून जायची.

दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या देवळाची जत्रा होती, आणि पहिला महाप्रसाद या मठाचा. जीपच्या मागं नवा ट्रेलर जोडला होता. त्यात कढया, पातेली आणि गव्हाची पोती भरली होती. त्याच रात्री निघायचं होतं. जीप मन्मथ चालवणार होता. मागून टेम्पो येणार होता, त्यात बायका. टेम्पोचा ड्रायव्हर लांबचा होता, हा घाट त्यानं कधी उतरला नव्हता. ट्रेलरच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून तो मागोमाग येणार, असं ठरलं होतं.

त्या टेम्पोत मन्मथची आई बसणार होती.

मागच्या गाळपाच्या हंगामात मन्मथचा धाकटा भाऊ काशिनाथ याच घाटात गेला. उसाच्या ट्रॉलीला त्याची मोटारसायकल मागून धडकली. ट्रॉलीला दिवा नव्हता. तेव्हापासून आईनं उंबरठा ओलांडला नव्हता. जत्रेला येते म्हणाली, तेही मन्मथच्या शब्दावर. दिवे मी स्वतः लावणार आहे, असं त्यानं तिला सांगितलं होतं.

आणि दिवे नीट लागत नव्हते.

सकाळपासून त्यानं जीपच्या आणि ट्रेलरच्या तारा जोडणारं चार पिनांचं सॉकेट बसवलं, काढलं, सात पिनांचं बसवलं, पुन्हा चारचं, पुन्हा सातचं बसवलं. इंडिकेटरची टिकटिक कधी भरभर व्हायची, कधी रेंगाळायची. बल्ब नवे होते, तारा नव्या होत्या. मन्मथ भ्याला होता. भीती वाटली की तो जास्त बोलायचा, तसा तो आताही बोलत होता. चारमध्ये ब्रेकचा आणि वळणाचा दिवा एकाच तारेवर येतो, सातमध्ये ज्याची त्याची तार वेगळी, जीपची रीत एक, ट्रेलरची दुसरी, असं सगळं त्यानं अप्पांना समजावून सांगितलं.

अप्पांनी शेवटचा घाटा सोलला. दाणे वाटीत टाकले.

“मागून कसं दिसायलंय?”

“डॅशबोर्डवर दिवा लुकलुकतोय, अप्पा. जोडणी बरोबर आहे.”

“मागून, म्हनलं.”



मागून त्यानं पाहिलंच नव्हतं. ब्रेकवर पाय ठेवून मागं जाता येत नाही. पाय काढून पळत मागं गेलं, तर तोवर दिवा विझलेला. दुसरं माणूस लागतं. माणूस हवं तर कुणाला तरी म्हणावं लागतं, आणि कुणाकडं मदत मागणं मन्मथच्या स्वभावात नव्हतं. तो इतरांना सांगायचा. विचारायचा नाही. अप्पांना विचारलं तेही घाबरून.

अप्पा उठले. धोतर सावरत फाटकाबाहेर गेले. मठाच्या अंगणात टेम्पो उभा होता, म्हणून जीप आणि ट्रेलर रस्त्याच्या कडेला, निम्मे डांबरावर होते. दिवस मावळून गेला होता. अप्पा ट्रेलरच्या मागं गेले आणि डांबरावर मांडी घालून बसले.

“अप्पा, रस्ता आहे हा.”

“दिसायलंय.”

“उसाच्या गाड्या सुटायची वेळ झाली.”

“मग लवकर दाब.”

अंगणातल्या बायका फाटकाकडं बघायला लागल्या. अप्पांना उठवायची कुणाची छाती नव्हती. मन्मथची आई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

मन्मथ धावत जाऊन जीपमध्ये बसला. आरशात पाहिलं तर कढईचं काळं बूड आणि पोती, एवढंच दिसत होतं. अप्पा दिसत नव्हते.

त्यानं उजवा इंडिकेटर लावला.

“डावाबी मिचकायलाय,” मागून आवाज आला.

त्यानं ब्रेक दाबला.

“आता सगळेच मंद झाले.”

मन्मथनं उडी मारली. सात पिनांचं काढलं, चारचं लावलं. स्क्रू पडला, तो शोधण्यात वेळ गेला. पुन्हा जीपमध्ये. पुन्हा ब्रेक. मागून उत्तर तेच आलं. पुन्हा सात पिनांचं. एवढ्यात वरच्या वळणाकडून गाणं ऐकू यायला लागलं. आमच्याकडं उसाच्या ट्रॅक्टरला एक वेळ दिवा नसेल, पण गाणं असतंच.

“उठा अप्पा. पाया पडतो तुमच्या.”

“मी दिसायलोय का तुला, आरशात?”

“नाही.”

“काशिनाथबी दिसला नसंल त्या ट्रॉलीवाल्याला.”

…

मन्मथ स्टिअरिंगला धरून तसाच बसला. भाऊ गेल्यापासून त्याचं नाव त्या घरात कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. फाटकाशी आई उभी होती, तिनं ते ऐकलं होतं. गाणं जवळ येत होतं.

मग मन्मथ खाली उतरला आणि म्हणाला, “आई, जरा इकडं ये. ब्रेकवर पाय ठेव.”

“मी?”

“तूच. मला मागं जायचंय.”

ती माऊली कधी जीपच्या पुढच्या सीटवरही बसली नव्हती. मन्मथनं तिला धरून चढवलं, तिचा पाय उचलून मधल्या पेडलवर ठेवला, आणि मी सांगेपर्यंत काढू नको म्हणाला. तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. जीप कुठं जाणार नव्हती, चाकांखाली दगड होते. पण तिला ते कुठं माहीत?

मन्मथ मागं आला.

दिवे पेटलेले असताना तो पहिल्यांदाच ट्रेलरच्या मागं उभा राहत होता. दोन्ही दिवे होते, पण कसे, तर वात सरलेल्या समईसारखे. हातभर अंतरावरून दिसावेत इतकेच. काशिनाथ जिथं होता तिथून त्या रात्री एवढंही दिसलं नव्हतं. मन्मथच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्याला सवड नव्हती.

“उठा अप्पा,” तो म्हणाला आणि त्यांच्या काखेत हात घातला.

अप्पांचे गुडघे धरले होते. त्यांनी ट्रेलरच्या मागच्या फळीला धरलं, तिच्यावर सगळा भार टाकला आणि उठू लागले. ट्रेलर मागं कलला. पुढं हूक करकरला.

आणि दिवे लख्ख लागले. अप्पांची दाढी, मन्मथचा सदरा, रस्त्यावरचं उसाचं पाचट, सगळं तांबडं झालं.

अप्पांनी फळी सोडली. दिवे पुन्हा मंद.

मन्मथनं स्वतः फळी दाबून पाहिली. लख्ख. सोडली. मंद.

“अर्थ लागत नाही,” तो एकदम म्हणाला.

“तुला?” अप्पांनी विचारलं.

बायका हसल्या. मन्मथलाही हसू आलं असतं, पण ट्रॅक्टर वळणावर आला होता. त्यानं अप्पांना कडेला ओढलं, खांद्यावरचं उपरणं काढून रस्त्याच्या मध्ये जाऊन जोरजोरात हलवलं. ट्रॅक्टरवाल्यानं बाजूनं घेतलं. उसाची लोंबणारी पानं ट्रेलरच्या कढयांना घासून गेली. त्याच्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. हाक मारेपर्यंत ट्रॉली अंधारात दिसेनाशी झाली, गाणं मात्र बराच वेळ ऐकू येत राहिलं.



घोटाळा एवढाच होता. वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते, तशी तिला परत यायलाही वाट लागते. त्या वाटेच्या तारेला वायरमन लोक अर्थ म्हणतात. चार पिनांच्या सॉकेटात ती असते, सात पिनांच्यातही असते. मन्मथनं दोन्ही वेळा ती जोडलीच नव्हती. जीप लोखंडाची, हूक लोखंडाचा, ट्रेलर लोखंडाचा, मग वेगळ्या तारेचे चोचले कशाला, असा त्याचा हिशेब. आणि आदल्या दिवशी जत्रेला जायचं म्हणून हुकाला लाल तेलरंगाचे दोन हात त्यानंच दिले होते. रंगातून वीज जात नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. फळी दाबली की हूक रंग नसलेल्या जागी टेकायचा, तेवढ्यापुरते दिवे लख्ख. दुसऱ्या कुणाच्या जोडणीत ही चूक सापडली असती, तर त्यानं त्या माणसाला गावभर हसं केलं असतं.

तो हुकापाशी उकिडवा बसला. सात पिनांचं सॉकेट उघडलं. कापून आत दडपलेली तार बाहेर काढली, टोक सोललं.

अप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

“हिच्यातून काय जातं?”

मन्मथ सांगायला लागला, आणि थांबला. नेहमीसारखी फोड करायला त्याची जीभ वळेना.

“जात काही नाही, अप्पा. जे गेलंय ते येतं.”

अप्पांनी मान हलवली.

त्यानं तार पिनेला आवळली, दुसरं टोक ट्रेलरच्या लोखंडाला. रंग खरवडून, लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासून मग बोल्ट कसला. उजवा इंडिकेटर लावला आणि मागं गेला. उजवाच मिचकत होता. डावा लावून पाहिला. डावाच. आईचा पाय अजून ब्रेकवरच होता. तिनं तो सांगितल्याबरहुकूम काढलाच नव्हता. दोन्ही दिवे लालभडक आणि स्थिर जळत होते, आणि पार पलीकडच्या चिंचेपर्यंत उजेड गेला होता.

“दिसायलंय का रे?” आईनं जीपमधून विचारलं.

“दिसायलंय.”

“लांबून?”

मन्मथ चालत चिंचेपर्यंत गेला. तिथं उभा राहून त्यानं दिव्यांकडं पाहिलं. परत यायला त्याला जरा वेळ लागला.

“लांबूनबी दिसायलंय, आई. काढ आता पाय.”

तिला खाली उतरवून घेतलं तेव्हा तिचा पाय बधिर झाला होता. टेम्पोपर्यंत ती मन्मथच्या खांद्याला धरून गेली. टेम्पोच्या ड्रायव्हरजवळची जागा तिनं मागून घेतली. तिला पुढचे दिवे बघत यायचं होतं. मन्मथनं ड्रायव्हरला दोनदा बजावलं, अंतर ठेव, घाई करू नको, मी वळणाआधी ब्रेक मारीन तो बघ. ड्रायव्हर बरं म्हणाला.

निघायची वेळ झाली. चाकांखालचे दगड काढले. बायका टेम्पोत चढून बसल्या. अप्पा मठातच राहणार होते. मन्मथ त्यांच्या पाया पडला. त्याच्या हातांना अजून तेलरंग आणि ग्रीस लागलं होतं, म्हणून त्यानं पायांना हात न लावता डोकं टेकलं. घाट अजून उतरायचाच होता.

“जातो, अप्पा,” घाईत तो म्हणून गेला.

घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईनं मान दुसरीकडं वळवली.

मन्मथनं जीभ चावली.

“येतो,” तो म्हणाला. “येतो, अप्पा.”

अप्पांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला टेम्पोकडं तोंड करून उभं केलं.

“मला कामून सांगायलास? मागच्यांना सांग.”