खेकडीचं बीळ आणि झेंडूचं रोप

ओढ्याच्या काठाला एक खेकडी राहायची. इवलीशी. तिच्या पोटाखाली पिल्लं. तिळाएवढी.

पाऊस आला. धो धो धो. ओढ्याला पूर आला. पूर गेला, गाळ राहिला.

खेकडीचं बीळ गाळाने भरलं. वर अडकलं होतं झेंडूचं एक रोप. रोपाला निळा दोरा.

समोर बगळा उभा. एका पायावर. खेकडीवर डोळा ठेवून.

खेकडीने रोप ओढलं. तेवढंच निघालं. रोप नांगीत धरून ती निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी.

“ओढेदादा, ओढेदादा, गाळ ने. माझं बीळ दिसेना.”

“मी नाही नेणार,” ओढा म्हणाला. “पुढे मोरी तुंबलीय. मोरी तोंड उघडेल, तेव्हा गाळ नेईन.”

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी. रस्त्याखाली मोरी होती.

“मोरीताई, मोरीताई, तोंड उघड. ओढा गाळ नेईना, माझं बीळ दिसेना.”

“मी नाही उघडणार,” मोरी म्हणाली. तोंडात माती, म्हणून हळूच म्हणाली. “उतारावरून माती येतेच आहे. उतार माती धरेल, तेव्हा तोंड उघडेन.”

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी. वर टेकडीचा उतार होता.

“उतारबाबा, उतारबाबा, माती धर. मोरी तोंड उघडीना, ओढा गाळ नेईना, माझं बीळ दिसेना.”

“मी नाही धरणार,” उतार म्हणाला. “मला बोटं कुठायत? गवत उगवेल, तेव्हा माती धरेन.”

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी. कुंपणाच्या कोपऱ्यात चार काड्या गवत होतं.

“गवतमावशी, गवतमावशी, उतारावर उगव. उतार माती धरीना, मोरी तोंड उघडीना, ओढा गाळ नेईना, माझं बीळ दिसेना.”

“मी नाही उगवणार,” गवत म्हणालं. “शकूकाकू उपटतात. त्या खुरपं ठेवतील, तेव्हा उगवेन.”

तुरुतुरु तुरुतुरु, तिरकी तिरकी. टेकडीवर शकूकाकूंचं नवं घर होतं. काकू खुरपत होत्या. खस खस खस.

“शकूकाकू, शकूकाकू, खुरपं ठेवा. गवत उगवेना, उतार माती धरीना, मोरी तोंड उघडीना, ओढा गाळ नेईना, माझं बीळ दिसेना.”

“मी नाही ठेवणार,” काकू म्हणाल्या. “गवत आलं की साप येतो. तुझ्या बिळासाठी मी साप पाळू होय गं?”

खस खस खस.

आता पुढे कोणीच नव्हतं. खेकडी तिथेच बसली. नांगी दुखली. रोप खाली पडलं.

काकूंनी रोप उचललं. निळा दोरा पाहिला.

“हा दोरा मीच बांधलाय,” काकू म्हणाल्या. “आणि झेंडू खाल्ला म्हणून मी रोज शेजारच्या शेळीला बोल लावते.”

त्यांनी उताराकडे पाहिलं. झेंडूची अख्खी ओळ गेली होती. मातीसकट.

काकूंनी खुरपं पायरीवर ठेवलं.

मग गवत उगवलं. पण हळू. फार हळू. खेकडी दगडाखाली बसून राहिली. बगळाही उभा राहिला.

गवत उगवलं, उताराने माती धरली. उताराने माती धरली, मोरीने तोंड उघडलं. मोरीने तोंड उघडलं, ओढ्याने गाळ नेला.

सगळा नाही. एका खेकडीपुरता.

बीळ दिसलं. खेकडी आत शिरली. बगळा जरा वेळ थांबला. मग उडून गेला.

पुन्हा पाऊस आला. धो धो धो. खेकडी दारात बसली. पाणी आलं. गाळ आला का?

आज नाही आला.

उद्याचं खेकडीला माहीत नाही. पिल्लं मात्र झोपली.