न मागता झाडलेली वाट

फार पूर्वी प्राणी एकमेकांना पाठीवरून तळ्यावर नेत. कासवआजी एका खेपेत उंदीर, बेडूक, म्हाताऱ्या खारी अशा सगळ्यांना नेई. ससा एकालाच नेई, पण झटकन.

एकदा आजी सिंहमहाराजांना म्हणाली, "माझी वाट काट्यांनी भरलीय. हत्तींकडून झाडून घ्या, नाहीतर खेप बंद पडेल आणि या खारी पाण्यावाचून राहतील."

ससा हसला. "आजी, मी कधी असं काही मागतो का?"

"तू कशाला मागशील?" खार म्हणाली. "तुझी वाट हत्ती रोज पहाटे झाडतात. तू तेव्हा घोरत असतोस!"

"खोटं! माझी वाट मुळातच स्वच्छ आहे."

"छान! मग आता हत्ती आजीकडे जातील," महाराज म्हणाले.

चार दिवसांनी पायात काटा मोडलेला ससा लंगडत आजीच्या थांब्यावर आला. "आजी, जागा आहे का?"

"आहे की! बेडकाशेजारी सरकून बस. जरा ओला होशील हं."