बांधावरची पाथरी

झाडं-झुडपं एकमेकांशी बोलत, त्या काळी एका शेताच्या बांधावर पाथरीचं रोपटं राहत होतं. खुरपणीच्या बायका दुपारी कडुलिंबाखाली भाकऱ्या सोडायच्या, की त्यांच्यातली गिरजाक्का बांधाकडे यायची. पाथरीची कोवळी पानं खुडायची आणि भाकरीबरोबर कच्चीच खायची.

पाथरीला त्याचा भारी राग. शेजारच्या मळ्यातली शेवंती बायकांच्या केसांत बसून जत्रेला जायची. "पिवळं फूल मलाही येतं," पाथरी फणकारली, "पण ही बाई येऊ देईल तर ना!"

"मला माळतात आणि संध्याकाळी टाकून देतात," शेवंती म्हणाली. "तुझ्यावाचून मात्र तिचा घास अडतो."

पाथरीनं ऐकलं नाही. त्या साली ती दगडांच्या फटीत पानं ओढून बसली. गिरजाक्काचा हात दगडांवरून फिरला आणि रिकामाच परत गेला. मग पाथरीला दांडा फुटला, फूल आलं. आता ती मला माळणार, म्हणून पाथरी मान उंच करून उभी राहिली.

गिरजाक्का आली, वाकली. "फुलावर आली गं," ती जावेला म्हणाली, "आता कडू लागायची." आणि कोरडी भाकरी खायला माघारी गेली.

फूल दुपारीच मिटलं. पुढे त्याचा पांढरा कापूस झाला. वाऱ्यानं विचारलं, "तुझं बी कुठं नेऊ? शेवंतीच्या मळ्यात?"

"नको रे," पाथरी म्हणाली. "कडुलिंबाखाली ने. बसल्या जागी तिचा हात पोचेल, तिथं."